पुढच्या रांगेतले मासे

थोरल्या लेकीला बघायला उदगीरकडचे पाहुणे आले होते. माणसं आमच्यासारखीच, गळ्यात लिंग, किराण्याचा व्यापार, घरात कांदा-लसूणसुद्धा सोमवारी वर्ज्य. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाच्या आजोबांनी मला विचारलं, "तुमी नांदेडात काय करताव?"

"मासे सांभाळतो," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. "मासे? आपल्यात?"

मी घाईघाईनं सांगितलं की खायचे नाहीत, प्रयोगशाळेतले आहेत, त्यांना खाऊ घालणं आणि धडधाकट ठेवणं ही माझी सरकारी पगाराची नोकरी आहे. त्यावर ते म्हणाले, "मंग मरत न्हाईत का ते?" मी म्हणालो, "मरतात." सोयरीक जमली, कारण मुलाला मुलगी पसंत होती. व्याही मात्र अजूनही पत्रिकेवर नाव लिहिताना माझ्याकडं बघून हसतात.

आता निवृत्त होऊन लातुरात राहतो. दिवाळी अंकासाठी लिहितोय म्हटल्यावर बायको म्हणाली, "माशांवर कोण वाचणार? राजकारणावर लिहा." राजकारणातलं मला कळत नाही. माशांचं थोडंफार कळतं, तेही आयुष्यभर त्यांच्यापुढं उभं राहिल्यामुळं.

आमच्याकडं असायचा तो झेब्रा मासा. बोटाच्या दीड पेराएवढा, डोक्यापासून शेपटीपर्यंत निळे पट्टे. दिसायला काही विशेष नाही. पण त्याचं अंडं काचेसारखं आरपार असतं. आत जीव कसा धरतो, काळीज कधी धडधडायला लागतं, सगळं भिंगाखाली दिसतं. म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या मागं लागलेले असतात. कुणी औषध तपासतं, कुणी विष, कुणी खाद्य. माझं काम एवढंच, की प्रयोगाला बसणारा मासा उपाशी नसावा, घाबरलेला नसावा आणि वाईट पाण्यात नसावा. नाहीतर तो प्रयोग म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाला पळायला लावून त्याचा दम मोजण्यातला प्रकार.

बाहेरच्यांना वाटतं, मासे सांभाळणं म्हणजे खाद्य टाकणं. खरं तर मासे सांभाळणं म्हणजे पाणी सांभाळणं. मासा ज्या पाण्यात खातो त्यातच घाण करतो आणि त्यातच श्वास घेतो. खाद्य जास्त झालं की उरलेलं सडतं, त्याचा अमोनिया होतो आणि अमोनिया कल्ले जाळतो. म्हणून आमच्या कामातला पहिला धडा म्हणजे, चार-पाच मिनिटांत संपेल तेवढंच टाकायचं. रविवारी तर पूर्ण उपवास; पोट मोकळं होतं, पाणीही निवळतं. हे आपल्या लोकांना शिकवणं महाकठीण. आपल्याकडं पाहुण्याच्या ताटावर आडवा हात आला तरी एक पोळी वाढल्याशिवाय वाढणाराचं समाधान होत नाही. नव्या आलेल्या प्रत्येकाचा हात टाकीवर तसाच सैल सुटायचा.

सकाळचं खाद्य जिवंत. आर्टेमिया म्हणून खाऱ्या पाण्यातला एक बारीक किडा असतो, त्याची अंडी डब्यातून येतात, खसखशीहून बारीक. मिठाच्या पाण्यात हवा सोडून ठेवली की दुसऱ्या दिवशी नारिंगी धुरळा पोहायला लागतो. तो गाळायचा, गोड्या पाण्यात धुवायचा आणि माशांना द्यायचा. पहिल्या दिवशी माझा हात अडखळला. ज्या घरात अंडं येत नाही त्या घरचा मी, आणि रोज सकाळी उठून हे करायचं! आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "वाघ पाळला असतास तर त्याला काय कढी वाढली असतीस?" मग हात अडखळला नाही.

एकदा फ्लेक्सच्या दुकानात गेलो होतो. टाकीचा तळ नुसता काचेचा असला की मासा बावरतो, वरच्या वर राहतो. नदीत त्याच्या पोटाखाली वाळू-खडी असते ना. टाकीत खरी खडी घालावी तर तिच्यात घाण साचते. म्हणून टाकीखाली खडीचं चित्र ठेवायचं, अशी एक युक्ती आमच्या सरांनी कुठंतरी वाचली. मी दुकानदाराला मापं दिली.

"फोटो कुणाचा टाकायचा?" त्यानं विचारलं.

"खडीचा."

"बरं. वाढदिवस हाय का श्रद्धांजली?"

मी त्याला समजावून सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "शुभेच्छुक तरी टाका की अप्पा. रिकामं बरं दिसत न्हाई." शुभेच्छुकांशिवायची खडी त्यानं नाइलाजानं छापली. मासे मात्र दोन दिवसांत खाली उतरून निवांत फिरायला लागले, आणि मला उगाच मोठं काही केल्यासारखं वाटलं.

हे आमचे सर म्हणजे कॉलेजातल्या प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख. त्यांचं नाव देत नाही. का देत नाही ते पुढं कळेल. माणूस हुशार, शिकवायला एक नंबर. माशाच्या कल्ल्यांवर त्यांचं व्याख्यान ऐकलेल्या पोराला पुन्हा पुस्तक उघडायची गरज पडायची नाही. कॉलेजबाहेर त्यांची ओळख वेगळीच होती. अंधश्रद्धेवर बोलायला त्यांना गावोगाव बोलावणं असायचं. नायगावला त्यांनी एका दुकानावर टांगलेली लिंबू-मिरची काढली आणि भर सभेत ती मिरची चावून खाल्ली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण भाषण थांबवलं नाही. लोक अजून ते सांगतात.

त्यांच्या हाताखाली प्रज्ञा नावाची मुलगी संशोधन करत होती. उमरीची. वडील जिनिंगवर हमाली करायचे. पोरगी बोलायला फटकळ, हातानं स्थिर. झेब्रा माशाला जाळीत धरून वजनकाट्यावर ठेवायचं तर भल्याभल्यांची तारांबळ उडते. हिच्या हातून कधी एक मासा जमिनीवर पडला नाही.

तिचा विषय सोपा होता. माशाच्या खाद्यात मासळीची भुकटी असते. समुद्रातली मासळी वाळवून दळायची आणि ती इकडच्या माशांना घालायची. आता इकडं लातूरच्या तेलगिरण्यांतून सोयाबीनच्या पेंडीचे डोंगर निघतात. त्या पेंडीवर मासा जगेल का, वाढेल का, अंडी घालील का? तिनं दोन खाद्यं बनवली, एक मासळीचं, एक सोयाचं. कुठल्या टाकीला कुठलं, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चिठ्ठ्यांचा खेळ असा, की दाराजवळच्या पुढच्या रांगेत सोयाच्या टाक्या जास्त आल्या.

तिला हा प्रयोग एकदाच करता येणार होता. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती. आणि मासेही मागाल तेवढे मिळत नाहीत. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी एक समिती असते, ती विचारते की कमीत कमी किती जिवांत भागेल? भागेल तेवढेच मिळतात, आणि प्रयोग संपल्यावर त्यांची आतडी तपासायला त्यांना मारावं लागतं. म्हणून एकही मासा फुकट जाता कामा नये. हा नियम मला माझ्या देवघरातल्या नियमांइतकाच मान्य होता.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. मग सोमवारी सकाळी दार उघडलं, की पुढच्या रांगेतलं पाणी दुधट दिसायला लागलं. मासे वर येऊन हवा ओढायचे. काही मेलेले. मी पाणी बदलायचो, तीन दिवसांत टाक्या सुधारायच्या, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. प्रत्येक टाकीचं पाणी वेगळं, त्यामुळं मागच्या रांगा ठणठणीत होत्या.

सरांनी आकडे बघितले आणि म्हणाले, "प्रज्ञा, सोया फसतंय. नाही जमलं हेही एक उत्तरच असतं. तसं लिहून टाक."

"पण सर, मागं पण सोयाच्या टाक्या हायत. त्या चांगल्या कशा?"

"पुढे बघू," सर म्हणाले आणि तासाला निघून गेले.

प्रज्ञा माझ्यापाशी येऊन बसली. "अप्पा, मी असं लिहिलं तर उद्या कुणीबी म्हणंल, सोयानं मासे मरतेत. नांदेडात सिद्ध झालंय म्हणतील. मला पटंना."

पुढच्या सोमवारी तिनं काय करावं? टाकीच्या तळाचा पांढरा गाळ पिपेटनं उचलला, काचेवर ठेवला आणि त्यावर आयोडीनचा थेंब सोडला. गाळ निळाकाळा झाला. शाळेत बटाट्यावर करतात तोच प्रयोग. माझ्याकडं वळून म्हणाली, "पीठ हाय, अप्पा. माझ्या दोन्ही खाद्यांत पिठाचा कण न्हाई. कुणीतरी टाकून राहिलंय."

संशय वॉचमनवर आला. गंगाधर नाव त्याचं, टाक्यांपुढं उभं राहून बघत बसायची त्याला हौस होती. मी विचारलं तर भडकलाच. "मला माझी भाकर खायला टाइम न्हाई अन् तुमच्या माशाला कणीक कवा मळू? खामखा गरिबावर आळ!"

"बरं बाबा. शनिवारी-रविवारी इकडं येतं कोण?"

"कुणी न्हाई. सर तेवढे येतेत शनवारी दुपारी. त्यांचं ऑफिसच हाय, येणारच की."

शनिवारी सकाळी खाद्य घालून मी घरी जायचो. त्या शनिवारी दुपारी परत आलो. मासेघराचं दार लोटलेलं होतं. आत सर पाठमोरे उभे, हातात स्टीलचा डबा. तोंडानं मोजत होते आणि एकेक गोळी पुढच्या टाक्यांत सोडत होते. हरभऱ्याएवढ्या कणकेच्या गोळ्या.

"सर," मी म्हणालो.

ते दचकले नाहीत. आधी हातातली गोळी टाकली, आकडा पूर्ण म्हटला, मग वळले. चेहरा पार उतरला होता.

"पोरीला सातवा लागलाय, अप्पा," ते म्हणाले. "याआधी दोनदा हाती आलेलं गेलंय. तुम्हाला माहिताय."

मला माहीत होतं. दुसऱ्या वेळी सर आठ दिवस कॉलेजला आले नव्हते.

"तिच्या आईनं कुणाला तरी पत्रिका दाखवली. त्यानं सांगितलं, शनिवारी बापाच्या हातानं माशांना एकशे आठ गोळ्या. बापाच्याच हातानं."

"तुमचा विश्वास हाय का यावर?"

"नाही," ते ताडकन म्हणाले. मग हातातल्या डब्याकडं बघत, "पण विश्वास नाही म्हणून केलं नाही, आणि उद्या काही झालं, तर मी तिच्या आईला तोंड कसं दाखवू?"

मला लेकी आहेत. मी विचारलं, "मग नदीच्या घाटावर का जात नाही? अख्खं नांदेड जातं."

"घाटावर मला ओळखत नाही असा माणूस दाखवा. मिरची खाणारे सर कणकेच्या गोळ्या टाकताहेत, असा फोटो संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरेल."

"सर, हे मासे मरून राहिलेत."

"कणीक आहे अप्पा, विष नाही..." एवढं बोलले आणि त्यांचं लक्ष टाकीकडं गेलं. अमोनिया कल्ल्यांना काय करतो हे ज्या माणसानं मला शिकवलं, तोच माणूस माझ्यापुढं उभा होता. इतके शनिवार त्यांना ते सुचलं नव्हतं, असं नाही मला वाटत. सुचू दिलं नसावं. काळजीत माणूस स्वतःपासूनही लपवतो.

मग ते म्हणाले, "पुढची रांग वगळू. टाक्यांत दोष होता म्हणून सांगतो मी तिला."

"कसला दोष, विचारील ती."

"तुम्ही काही बोलू नका."

मला त्यांचा राग आला, स्पष्टच सांगतो. दोन पिढ्यांना खरं बोला म्हणून सांगणारा माणूस हे म्हणत होता. "मी होऊन बोलणार नाही, सर," मी म्हणालो. "तुम्हीच बोला, सोमवारी. पण तिनं मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

त्यांनी मान हलवली. डब्याचं झाकण लावायला गेले आणि थांबले. "अजून राहिल्यात," हळूच म्हणाले. "एकशे आठ झाल्या नाहीत."

आता हसावं की रडावं! शेवटी मी त्यांना माझ्या स्कूटरवर बसवलं आणि गोदावरीच्या पलीकडं, पुलाखाली जिथं फारसं कुणी नसतं तिथं नेलं. "हेल्मेट काढू नका," म्हणालो. पाण्याच्या काठाला हेल्मेट घालून उभं राहून आमच्या विभागप्रमुखांनी उरलेल्या गोळ्या गोदावरीला वाहिल्या. नदीच्या पोटाला वाटीभर कणकेचं काय! त्यानंतरचे सगळे शनिवार आम्ही तिथंच जात होतो, आणि हेल्मेट शेवटपर्यंत डोक्यावरच राहिलं.

सोमवारी सर स्वतःहून मासेघरात आले आणि त्यांनी प्रज्ञाला सगळं सांगितलं. पत्रिका, मुलगी, गोळ्या, काही लपवलं नाही. मी बाजूला आर्टेमिया गाळत उभा होतो. मला वाटलं, आता ही पोरगी त्यांना सोडत नाही. तिनं टाक्यांकडं बघितलं आणि विचारलं, "गोळ्यात मीठ होतं का, सर?"

"नाही."

"हळद? तेल?"

"तूप असेल थोडं. घरी मळायचे."

"किती शनिवार?"

तिनं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "ताईंची तब्येत कशी हाय?" सर म्हणाले, बरी आहे. ती बाहेर गेली, नळावर तोंड धुतलं आणि परत येऊन त्याच फटकळ आवाजात म्हणाली, "समितीला मी सांगणार न्हाई. मी सांगितलं तर चुगली होते."

"मी सांगतो," सर म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. समितीपुढं मलाही बोलावलं होतं म्हणून मी ऐकलं. एक सभासद तोंडावर रुमाल धरून हसला. दुसऱ्यानं विचारलं, "सर, तुम्ही?" सर म्हणाले, "हो, मीच. या मुलीचा काही दोष नाही, तिला नवे मासे द्या." आवाज खाली आणला नाही. त्या दिवसापासून माझा राग गेला. भाषणं मात्र त्यांनी बंद केली. मी एकदा म्हणालो, "सर, ही गोष्ट सांगून भाषण सुरू करा, लोक जास्त ऐकतील." ते हसले, पण पुन्हा स्टेजवर गेले नाहीत. याची मला हळहळ वाटते.

पुढचं इथंच सांगून टाकतो. प्रज्ञाला मासे मिळाले, थोडी मुदतही वाढली. निम्मी मासळी काढून सोयाची पेंड घातली तर माशाला काही फरक पडत नाही, सगळीच काढली तर वाढ खुंटते, असं तिच्या कामातून निघालं. ती आता शिरूर अनंतपाळकडच्या एका कॉलेजात शिकवते. सरांच्या लेकीला मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. मला वेगळा बर्फीचा डबा आला. सरांच्या बायकोचा निरोप होता, माशांनी राखलं. सरांनी तो निरोप खिडकीकडं बघत सांगितला. बर्फी चांगली होती.

राहिलं ते पुढच्या रांगेचं. समितीतल्या पशुवैद्य डॉक्टरांनी येऊन मासे तपासले. कल्ले जळालेत, सुधारायचे नाहीत, ठेवले तर रोज घुसमटतील, म्हणाले. प्रयोगाच्या उपयोगाचेही ते राहिले नव्हते. मरणार तर ते होतेच, मघाशी लिहिलंच आहे. पण त्यांची आतडी बघून कुणाला काही कळलं असतं, कुणाच्या कामाला ते आले असते. आता नुसतेच जाणार होते.

हेही माझ्याच कामातलं. टाकीतलंच पाणी दुसऱ्या भांड्यात घ्यायचं, म्हणजे माशाला ऊन-गार लागत नाही. त्यात लवंगेचं तेल मिसळायचं, दातदुखीला लावतो तेच, पण बरंच जास्त. मासा आधी गुंगतो, आडवा होतो, मग कल्ले थांबतात. ते पूर्ण थांबल्याची खात्री होईपर्यंत समोरून हलायचं नाही. मी भांडं तयार केलं, तोवर सर आले. बाह्या वर केलेल्या होत्या. "अप्पा, जाळी माझ्याकडं द्या."

"मी करतो, सर. माझं रोजचं आहे."

"द्या," ते म्हणाले.

प्रज्ञा दारात उभी होती. सर पुढच्या रांगेपाशी गेले आणि टाकीवर वाकले. झेब्रा मासा खाऊ घालणारा माणूस ओळखतो. काचेपलीकडून त्याची चाल, त्याची सावली ओळखतो. सर दिसताच त्या टाकीतले सगळे मासे, ज्यांना श्वास घेणं जड जात होतं तेसुद्धा, त्यांच्या बाजूला धावले आणि तोंडं उघडून वर आले.

सर तसेच थांबले. "हे काय, अप्पा?"

खोटं सांगणं मला जमलं नाही. "जेवण आलं असं वाटून राहिलंय त्यांना, सर."

एरवी मासा धरायचा म्हणजे टाकीभर पळापळ असते. जाळी पाण्यात शिरली की तो कोपऱ्यात दडतो, उसळी मारतो, हाताला लागत नाही. त्या दिवशी सरांना एकाही माशामागं जाळी फिरवावी लागली नाही. त्यांनी ती पाण्यात नुसती धरली आणि मासे आपण होऊन तिच्यात आले.